धारहून कोण आला?

स्वीडनमधल्या माणसाला आपला अडीच-तीनशे वर्षांपूर्वीचा पूर्वज हवा असला, तर तो गावच्या चर्चची वही उघडतो. १६८६ च्या कायद्याने तिथल्या पाद्र्यांवर जन्म, लग्न, मृत्यू लिहून ठेवण्याची सक्ती झाली. गंमत अशी, की तिथल्या बहुतेक शेतकऱ्यांना कायमचे आडनावच नसे. आंदर्सचा मुलगा एरिक हा एरिक आंदर्सन. त्याचा मुलगा मात्र एरिकसन! नाव पिढीगणिक पालटे, पण वही होती म्हणून माणूस सापडतो.

आपल्याकडे उलट झाले. आडनाव राहिले, वही नाही.

आमच्या भंडाऱ्याकडचे पोवार घ्या. तुमसर, तिरोडा, गोंदिया हा त्यांचा मुलूख. (गोंदिया १९९९ साली निराळा जिल्हा झाला, पण सोयरिकी काही निराळ्या झाल्या नाहीत.) बिसेन, पटले, कटरे, तुरकर, रहांगडाले अशी त्यांची कुळे, एकंदर ३६ म्हणतात. कुणालाही विचारा, "आम्ही धारचे," असेच सांगेल. राजा भोजाचे नाव ओघाने येतेच. एकदा वर्गातल्या एका पोवार मुलाने मला विचारले, "सर, धारचे ते ठीक, पण आला कोण? त्याचं नाव काय?" त्याच्या घरची वंशावळ सहाव्या पिढीवर थांबत होती. मला उत्तर देता आले नाही.

रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात परंपरा दिली आहे ती अशी: पोवार प्रथम रामटेकजवळच्या नगरधनला आले, मग वैनगंगेच्या खोऱ्यात पसरले, चिमणाजी भोसल्यांच्या कटकच्या स्वारीत त्यांनी मदत केली, त्याबद्दल नदीच्या पश्चिमेस जमिनी मिळाल्या. आता, सांगणारे पोवारच आणि लिहून घेणारा साहेब. तेव्हा छापले गेले म्हणून सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही. शिवाय बोलीचे एक कोडे आहे. माळव्याची माळवी राजस्थानीच्या गोतातली. पण ग्रियर्सनने पोवारी घातली ती पूर्वी हिंदीत, बघेलीच्या शेजारी. धारहून निघालेल्या माणसाला ही बोली कुठल्या मुक्कामी लागली? वाट सरळ नसावी, मुक्काम लांबले असावेत, असे मला वाटते.

भाटांच्या पोथ्या आहेत, पण त्या जपून वाचाव्यात. बिदागी देणाऱ्याचा पूर्वज तिथे साधा शेतकरी कधी असतच नाही! त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळ्या त्यापेक्षा बऱ्या, कारण यात्रेकरू स्वतः नाव-गाव सांगतो. इंग्रजी अमलातल्या बंदोबस्ताचे कागद सर्वांत पक्के; मालगुजारी १९५१ साली गेली, तोवर गावोगावची मालकी त्यांत उतरत राहिली. मात्र ज्याच्याकडे जमीन नव्हती तो त्यांत क्वचितच येतो, आणि बायका जवळजवळ नाहीतच.

म्हणून मी त्या मुलाला म्हटले, आधी आजीला विचार. पोवारांत आपल्याच कुळात लग्न होत नाही. साहजिकच सून कुठल्या कुळातली, कुठल्या गावची, हे म्हाताऱ्या बायांना तोंडपाठ असते. आजीला सातव्या पुरुषाचे नाव आठवले नाही. पण आपल्या सासूच्या सासूचे माहेर तिने चटकन सांगितले: नदीपलीकडचे, बालाघाटच्या बाजूचे एक खेडे. पोरगा आता त्या खेड्याची जुनी जमाबंदी पाहायला निघाला आहे.