धारवाडचे वानर

लाल तोंडाचे ते माकड आणि काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर, हा भेद आपल्याकडे खेड्यातले पोरही जाणते. टोळीतल्या दांडग्या नराला आपण हुप्प्या म्हणतो. या प्राण्याचे पोट कप्प्याकप्प्यांचे. म्हणून इतर माकडांना न मानवणारा जून पालाही त्याला पचतो. असा हा पालेखाऊ, त्यातून मारुतरायाच्या गोतातला. तो शांतच असणार, अशी आपली समजूत!

बरे, ही समजूत केवळ भाविकांचीच होती असेही नाही. फिलिस जे या अमेरिकन विदुषींनी १९६० च्या आगेमागे उत्तर व मध्य भारतात वानरांच्या टोळ्या न्याहाळल्या. काळेसे पिल्लू जन्मले की टोळीतल्या साऱ्या वानरी त्याला घ्यायला धावतात, भांडणतंटे बेताचेच, असे चित्र त्यांनी रेखाटले. ते खोटे नव्हते, पण पुरेही नव्हते.

त्याच सुमारास युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक धारवाडच्या रानात टोळ्यांच्या मागे हिंडत होते. १९६२ साली त्यांनी पाहिले ते असे. टोळीबाहेर भटकणारे काही नर एका टोळीवर चालून आले. त्यांनी जुन्या हुप्प्याला हुसकले. मग त्यांच्यातल्या एकाने आपल्याच साथीदारांना पिटाळून लावले आणि तो धनी झाला. इथवर ठीक, अशी राज्ये आपण इतिहासात पुष्कळ वाचली आहेत. पण या नव्या धन्याने आईच्या पोटाला बिलगलेली पिल्ले चावून मारली! आणि थोड्याच दिवसांत त्या आया त्याच्याशी संग करू लागल्या.

हे वाचून विद्वान बावरले. दाटीमुळे, माणसांच्या शेजारामुळे वानरे बिघडली असतील, असे अनेकांना वाटले. सारा हर्डी याही १९७१ मध्ये अबूच्या पहाडावर आल्या त्या दाटीचाच संशय मनात धरून. तेथे त्यांचे मत पालटले. अंगावर पिणारे पिल्लू असेपर्यंत वानरी सहसा पुन्हा गाभण राहत नाही. हुप्प्याचे राज्य तर बहुधा दोन-तीन वर्षांचे. दुसऱ्याचे पिल्लू वाढेपर्यंत थांबला, तर याची स्वतःची संतती व्हायची केव्हा? वेड नव्हे, हिशेब होता. अर्थात वानराला ठाऊक नसलेला, पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने मुरलेला.

वाद पुढे वीस-पंचवीस वर्षे धुमसला. १९९९ साली नेपाळातल्या रामनगरच्या रानवानरांची नाती डी.एन.ए.वरून तपासली, तेव्हा हल्लेखोर नर त्या पिल्लांचे बाप नसल्याचे दिसले.

मला स्वतःला मात्र हर्डीबाईंच्या वह्यांतली दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. वानरी हातपाय गाळून बसत नाहीत. बाहेरच्या नरांशीही त्या संग करतात, म्हणजे बाप कोण याचा त्याला भ्रम राहतो. आणि हुप्प्या पिल्लावर झेपावला की त्याच्या अंगावर धावून जाणाऱ्यांत अबूला एक म्हातारी वानरी पुढे असे. तिचे स्वतःचे पिल्लू होण्याचे दिवस केव्हाच सरले होते.