‘समाधानकारक’ : मेसोपोटेमियाची बातमी आणि आपण

चौसाळ्यात सकाळी चहाला बसलं की कोणीतरी मोबाईल पुढे करतो. गाझाची नाहीतर युक्रेनची एखादी क्लिप असते. “सर, हे खरं का हो?” आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण या प्रश्नाचं उत्तर देताना आम्हाला इतिहासाचाच आधार घ्यावा लागतो.

१९१५ साल घ्या. पहिलं महायुद्ध चालू होतं. आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात, आणि निजाम इंग्रजांच्या बाजूला. इंग्रजांच्या फौजेत भरती झालेली मराठी पोरं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, तुर्कांशी लढत होती. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. गॅलिपोलीची मोहीम फसली होती. ती नामुष्की झाकायला सरकारला बगदाद हवं होतं. म्हणून बोटी अपुऱ्या, औषधपाणी अपुरं, तरी फौज पुढे ढकलली.

२२ नोव्हेंबरला टेसिफोनला लढाई जुंपली. सुमारे साडेचार हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना बोटींत कोंबून नदीतून बसऱ्याला आणलं. तिथे मेजर कार्टर नावाचे डॉक्टर उभे होते. ‘मेजिदिया’ बोटीच्या कडेला त्यांना दुरून दोर लोंबताना दिसले. बोट जवळ आल्यावर कळलं, ती वाळलेली विष्ठा होती. कित्येकांच्या जखमांची पट्टी दिवसेंदिवस बदललेली नव्हती.

आणि वरिष्ठांची तार काय गेली? जखमींची स्थिती समाधानकारक! कार्टरांनी तक्रार केली, तर त्यांनाच अटकेची धमकी मिळाली.

पुढे टाउनशेंडची फौज कुत गावात वेढली गेली. २९ एप्रिल १९१६ला सुमारे तेरा हजार जणांनी शरणागती पत्करली. चौकशी आयोगाचा अहवाल छापून आला जून १९१७मध्ये, म्हणजे टेसिफोननंतर दीड वर्षाने. भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. पण ज्यांना मलमपट्टी वेळेवर हवी होती, त्यांना त्याचा काय उपयोग?

आता बघा, त्या तारेत कुठलीही लढाई कल्पनेतून रचलेली नव्हती. फसवणूक एका विशेषणात होती. आणि तार करणाऱ्यांवरच खरं कळलं तर ठपका येणार होता. इथल्या वर्तमानपत्रांच्या डोक्यावर १९१०च्या प्रेस ॲक्टची टांगती तलवार; उलटतपासणी करणार कोण?

आज बातम्यांचा दुष्काळ नाही, महापूर आहे. पण आपण आधी बाजू ठरवतो आणि मग त्या बाजूचं चॅनेल लावतो. तेव्हा सरकार करत होतं ते काम आता आपण स्वतःच करतो.

म्हणून क्लिप पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. तिथे हजर कोण होतं? सांगणाऱ्याचा यात फायदा काय? आणि आम्हाला हे खरं वाटतंय, की फक्त आवडतंय? तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड, कारण त्याचं उत्तर आपल्याखेरीज दुसरं कोणी देऊ शकत नाही.