पाण्याचा उपवास

मी हिंगोलीकडच्या गोरेगावचा. पाण्याचा उपवास आम्हाला उन्हाळ्यात सक्तीचाच! पण वसईच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांमुळे वेगळाच प्रकार वाचनात आला. चर्चच्या दाराशी पवित्र पाण्याचं पात्र असतं, त्यात बोट बुडवून क्रुसाची खूण करायची. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, परदेशात काही चर्चेसनी हे पात्र चक्क रिकामं ठेवायला किंवा वाळूने भरायला सुरुवात केली.

मार्च २००० मध्ये व्हॅटिकनने पत्र लिहून ते नाकारलं: उपवासात पवित्र पाणी वर्ज्य नाही. जुनी रीत ईस्टरआधीच्या शेवटच्या दिवसांतच पात्र रिकामं करण्याची, कारण ईस्टरच्या जागरणात नवं पाणी आशीर्वादित होतं. हे जागरणही पूर्वी शनिवारी सकाळीच उरकत. १९५१ मध्ये बाराव्या पायस पोपनी ते पुन्हा रात्री करायला परवानगी दिली. मला व्हॅटिकनचं पटतं. चाळीस दिवस कोरडं पात्र बघून सवय होते, दोन दिवसांचं मात्र बोटाला लगेच कळतं.