जहागीरदारी, मराठवाड्यातील

सेवेच्या मोबदल्यात विशिष्ट प्रदेशाचा महसूल उपभोगण्याचा अधिकार देणारी पद्धती. यूरोपातील सरंजामशाहीशी तिची तुलना करतात. परंतु तेथील सरंजामदार बहुधा आपल्या इलाख्यातच राही व भूदासाला जमीन सोडून जाता येत नसे. मोगल अंमलात औरंगाबाद सुभ्यातील जहागीरदाराला जमीन नव्हे, तर तिचा सारा मिळे आणि त्याची बदलीही होई. जुलूम वाढल्यास रयत परागंदा होई; मग कौल देऊन तिला परत बोलवावे लागे. निजामाच्या अंमलात (१७२४–१९४८) जहागिरी बहुतांशी वंशपरंपरागत झाल्या, तथापि अनेक जहागीरदार हैदराबादेतच राहत.

त्यामुळे रयतेची नित्याची गाठ पडे ती देशमुख-देशपांडे व पाटील-कुलकर्णी या वतनदारांशी. सुगीत सुतार, लोहार, न्हावी, परीट इ. बलुतेदारांना खळ्यावरच धान्याचा वाटा मिळे. महारांकडे गावाची सीव राखणे, सरकारी निरोप व सारा पोचविणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे असत, शिवाय वेठ. अशा गावाला ‘स्वयंपूर्ण’ म्हणण्याची प्रथा आहे. तीत श्रम व मान यांची विषम वाटणी झाकली जाते.

पहिल्या सालारजंगाने जिल्हाबंदी करून (१८६५) देशमुखांकडील वसुली काढून घेतली व त्यांना रोख रुसूम ठरवून दिला. पोलीस कारवाईनंतर १९४९ च्या विनियमाने जहागिरी नष्ट झाल्या. १९५० च्या कुळकायद्याने संरक्षित कुळांना जमीन विकत घेण्याचा हक्क दिला. वेठ राबणाऱ्या भूमिहीनांना मात्र त्याचा लाभ झाला नाही.