बावडी झाकली, पाऊस कुठे जाणार?

इंदूरचा इतिहास म्हटला की होळकरांच्या लढाया निघतात. शहरातल्या पाण्याचा इतिहास कोण सांगणार? म्हणून मीच थोडे लिहिते.

तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावले. माणूस मूळचा जीवशास्त्राचा. त्याचा अहवाल 1918 मध्ये निघाला. शहर तेव्हा प्लेगने बेजार होते. दिवाळीची मिरवणूक सर्वांत स्वच्छ गल्ल्यांतूनच जाईल, असे त्याने जाहीर केले. मग काय, घरोघर झाडलोट! प्लेगचा भलामोठा उंदीर मिरवला, तुळशीची रोपे वाटली. ही गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात. मला मोलाचे वाटते ते वेगळेच. पाणी नळीतून दूर घालवण्यापेक्षा बागेला, मातीला द्या, असे त्याचे म्हणणे. नळ आले तरी जुन्या विहिरी राखा, कारण नळयोजना कधी ना कधी बिघडतेच.

आपल्या आज्यांना हे दुसऱ्या वाटेने ठाऊक होते. पाणी गाळले की जिवाणी ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत सोडायची. म्हणजे आपले पाणी कुठले, हे प्रत्येक बाईला माहीत हवेच. 1978 मध्ये नर्मदा नळाने घरात आली आणि ती ओळख सुटली. विहिरी बुजल्या, बावड्यांवर स्लॅब पडले. 30 मार्च 2023, रामनवमी. मंदिरात पूजा चालू असताना असाच एक स्लॅब खचला, 36 माणसे गेली. नंतर ती बावडी मलब्याने भरून टाकली. लोकांचा संताप मी समजू शकते. पण दोष बावडीचा होता का?

आता आपले बगिचे बघा. उंच कठडा, फरशी, मधे लॉन. पाऊस पडतो आणि सरळ रस्त्यावर वाहतो. उन्हाळ्यात त्याच झाडांना टँकर. आपली काळी माती पाणी हळू पिते, खाली खडक. म्हणून लॉन वाटेपेक्षा वीतभर खोल हवे, कठड्याला जागोजागी तोंडे हवीत, आणि साचलेले पाणी वाळू-गिट्टीतून गाळून जुन्या विहिरीत उतरायला हवे. चैत्रात तीच विहीर बगिच्याला पुरवेल.

मंडळात हे मांडले की पहिला प्रश्न डासांचा येतो. डासाच्या अळीला वाढायला आठवडाभर लागतो. बेताने खोल ठेवलेले लॉन एक-दोन दिवसांत कोरडे होते. कठड्याला तोंडे पाडायची तर मृगाआधीच पाडावी लागतील.