शंख-शिंपले वेचण्याची योग्य वेळ

शंख-शिंपले वेचण्याची वेळ घड्याळापेक्षा ओहोटीवर ठरते. गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसातून साधारणतः दोनदा ओहोटी येते व तिची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पाणी पूर्ण ओसरण्याच्या आधीचा व नंतरचा एकेक तास सर्वांत सोयीचा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात समुद्र अधिक मागे हटतो. तेव्हाची एक ओहोटी पहाटेच्या सुमारास येत असल्याने वर्दळीपूर्वी न तुटलेले शिंपले सापडतात. मात्र प्रत्येक शंख उलटून पाहावा. आत जीव असल्यास किंवा रिकाम्या शंखात खेकड्याने बिऱ्हाड केले असल्यास तो तेथेच ठेवावा. काही जाती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षित आहेत. त्या उचलू नयेत. भरती सुरू होताच खडकांवरून परतावे.