इन्सुलिननंतरचा मृत्यू : मधुमेह आणि हृदयाच्या नात्याचा इतिहास

१/ जानेवारी १९२२. टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाचा अर्क टोचण्यात आला. पहिली मात्रा फारशी लागू पडली नाही. जेम्स कॉलिप यांनी अधिक शुद्ध केलेला अर्क २३ तारखेपासून दिला गेला आणि साखर उतरली. मधुमेही मुलांच्या मृत्यूचे अटळपण संपले. मृत्यूने मात्र केवळ वाट बदलली होती.

२/ इन्सुलिनपूर्वी असे रुग्ण बहुधा बेशुद्धावस्थेत दगावत. रक्तवाहिन्या खराब होण्याइतके आयुष्यच त्यांना लाभत नसे. बोस्टनचे डॉ. एलियट जोस्लिन यांनी आपल्या रुग्णांच्या नोंदी अनेक दशके जपल्या. त्यांत कोमाचे मृत्यू घटत गेले आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू वाढत गेले.

३/ असे का घडते? रक्तवाहिनीच्या आत पेशींचे एकपदरी अस्तर असते. ते नायट्रिक ऑक्साइड निर्माण करून वाहिनी सैल ठेवते आणि रक्ताची गुठळी होऊ देत नाही. वर्षानुवर्षे चढलेली साखर या अस्तराचे काम बिघडवते. जोडीला रक्तदाब आणि बिघडलेली चरबी असेल, तर वाहिन्या अकाली कठीण व अरुंद होतात.

४/ १९४८ मध्ये अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात ५,२०९ रहिवाशांची दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. १९७४ मध्ये तिचा एक निष्कर्ष आला : मधुमेही पुरुषांत हृदय निकामी होण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक, तर स्त्रियांत सुमारे पाचपट.

५/ त्याआधी, १९७२ मध्ये, रुबलर आणि सहकाऱ्यांनी चार मधुमेही रुग्णांच्या शवविच्छेदनाची नोंद प्रसिद्ध केली होती. हृदय निकामी झालेले, पण हृदयाच्या धमन्यांत त्याचे कारण ठरेल असा अडथळा नाही. म्हणजे मधुमेह थेट हृदयाच्या स्नायूलाही ग्रासू शकतो, हा विचार पुढे आला.

६/ मग साखर उतरवली की हृदय वाचेल? उत्तर सोपे नव्हते. १९७० मध्ये एका अमेरिकी चाचणीत टॉल्ब्युटमाइड ही साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांतच हृदयविकाराचे मृत्यू अधिक आढळले. वैद्यकविश्वात त्यावर कित्येक वर्षे वाद चालला.

७/ ब्रिटनमध्ये १९७७ पासून चाललेल्या, ५,१०२ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. साखरेच्या कडक नियंत्रणाने डोळे व मूत्रपिंडांच्या सूक्ष्म वाहिन्यांना लाभ झाला. हृदयाबाबतचा लाभ निर्विवाद ठरला नाही. त्याच चाचणीत रक्तदाब काटेकोर ठेवल्याने पक्षाघात मात्र ४४ टक्क्यांनी घटला.

८/ २००८ मध्ये दोन निकाल समोरासमोर आले. अमेरिकेच्या चाचणीत जुना मधुमेह व हृदयविकाराचा मोठा धोका असलेल्यांची साखर अतिशय खाली नेण्याचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू वाढल्याने तो उपचार मुदतीपूर्वी थांबवावा लागला. उलट, ब्रिटनच्या रुग्णांच्या पुढील दहा वर्षांच्या पाहणीत, निदान होताच साखर आवरलेल्यांत हृदयविकाराचे झटके कमी दिसले. मर्म वेळेत होते : नियंत्रण आरंभी हितकर, उशिराची घाई घातक.

९/ दरम्यान डेन्मार्कमध्ये अवघ्या १६० रुग्णांवर वेगळा प्रयोग झाला होता. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार-व्यायाम या सर्वांवर एकाच वेळी उपचार. २००३ च्या निष्कर्षानुसार हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका जवळपास निम्म्यावर आला.

१०/ पुढचा धागा सफरचंदाच्या झाडापर्यंत जातो. त्याच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन वेगळे करण्यात आले. ते दिल्यास लघवीवाटे साखर बाहेर पडते, हे १८८६ मध्ये फॉन मेरिंग यांनी दाखवले. मधुमेहाचे मूळ स्वादुपिंडात असल्याचे १८८९ मध्ये मिंकोव्स्की यांच्यासह सिद्ध करणारे फॉन मेरिंग हेच.

११/ त्याच तत्त्वावरील एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाची चाचणी हृदयरोग असलेल्या सुमारे ७,००० मधुमेहींवर झाली. ते हृदयाला अपाय करत नाही ना, एवढेच प्रथम तपासायचे होते. २०१५ च्या निकालात हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटलेले दिसले. पुढे या गटातील औषधे मधुमेह नसलेल्या, हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांनाही दिली जाऊ लागली.

१२/ म्हणूनच आज मधुमेह्याच्या तपासणीत साखरेसोबत रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंड आणि हृदय पाहिले जाते. साखरेचा एकच आकडा पुरेसा नाही, हे उमगायला वैद्यकशास्त्राला इन्सुलिननंतर सुमारे आठ दशके लागली.